घरचा टेलिफोन आणि इंटरनेट

गेल्या पावसाळ्यांत घडलेली एक गोष्ट सांगून आम्ही या लेखास आरंभ करितों. रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेडेगांवीं आमच्या वृद्ध आत्याबाई एकट्याच राहतात. त्यांच्या घरीं पुष्कळ वर्षें तांब्याच्या तारेवरील जुना टेलिफोन होता. पावसाळा लागला कीं त्यांतून खरखर ऐकूं येई, आणि एकदां बिघडला म्हणजे तो लवकर दुरुस्तहि होत नसे. म्हणून दिवाळीच्या सुट्टींत आम्हींच पुढाकार घेऊन तो काढविला व गांवांत नव्यानें आलेल्या फायबरच्या तारेवर इंटरनेटच्या मार्गानें बोलणारा टेलिफोन त्यांस बसवून दिला. आवाज स्वच्छ येऊं लागला. मुंबईच्या मुलीशीं तासभर बोललें तरी निराळें बिल येईना. आत्याबाई संतुष्ट झाल्या, आणि आपण एक चांगलें काम केलें असें आम्हांसहि वाटलें.

पुढें जुलै महिन्यांत एका रात्रीं वादळ होऊन साऱ्या गांवाची वीज गेली. अंधारांत पडवीची पायरी चुकून आत्याबाई पडल्या व त्यांचें मनगट मोडलें. कशाबशा उठून त्या टेलिफोनपाशीं गेल्या. परंतु रिसीव्हर कानास लावून पाहतात, तों आंत कसलाच आवाज नाहीं! त्या घरांत मोबाइलला रेंज नसते. शेवटीं सकाळीं दूधवाला आला तेव्हां त्यांची सुटका झाली. आम्ही भेटीस गेलों त्या वेळीं त्यांनीं आम्हांस एकच प्रश्न विचारला, “अरे, वीज गेली तरी जुना फोन बोलत असे. मग हा नवा कां रे मुका झाला?”

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस ठाऊक होतें. परंतु टेलिफोन बसवितांना तें त्यांस सांगावें, हें कांहीं आम्हांस सुचलें नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं अनेकांच्या घरीं असा बदल झाला आहे, किंवा लवकरच होईल. तेव्हां तें उत्तर येथें सविस्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम जुन्या टेलिफोनचा विचार करूं. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांस टेलिफोनचें पेटंट १८७६ सालच्या मार्च महिन्यांत मिळालें, आणि अवघ्या सहा वर्षांत, म्हणजे १८८२ सालीं, कलकत्ता, मुंबई व मद्रास या तिन्ही शहरीं टेलिफोन एक्स्चेंज उघडण्यांत आलीं. पुढें यंत्रें सुधारलीं, मुलींनीं हातानें जोडणी करून देण्याची पद्धत जाऊन आपोआप जोडणी होऊं लागली. परंतु घर व एक्स्चेंज यांस जोडणारी तांब्याच्या तारांची जोडी मात्र राहिली. या जोडीवरून घरास तीन गोष्टी मिळत असत, आणि त्या न मागतां मिळत असल्यामुळें त्यांकडे कोणाचें लक्षच जात नसे.

पहिली गोष्ट वीज. साध्या टेलिफोनला लागणारी वीज घरांतील बटणापासून येत नसे. ती एक्स्चेंजमधील मोठ्या बॅटऱ्यांपासून, ४८ व्होल्टच्या दाबानें, त्याच तारेंतून येत असे. शहराची वीज गेली तर बॅटऱ्या काम देत, आणि त्यांच्या जोडीस डिझेलचें इंजिन सज्ज असे. म्हणून घर अंधारांत असलें तरी टेलिफोन जागा राही. दुसरी गोष्ट पत्ता. एक तार एकाच घरीं जाऊन संपे. ती कोणत्या घरीं गेली आहे याची नोंद कचेरींत असल्यामुळें नंबरावरून घर सांपडत असे. तिसरी गोष्ट राखीव मार्ग. दोन माणसांचें बोलणें चालू असेपर्यंत त्यांच्यामधील मार्ग केवळ त्यांच्याकरितां राखून ठेवलेला असे.

आतां इंटरनेटवर आवाज कसा जातो तें पाहूं. आपण बोलतों तेव्हां हवेंत लाटा उठतात. यंत्र या लाटेची उंची दर सेकंदास ८,००० वेळां मोजतें आणि प्रत्येक माप शून्य व एक या आंकड्यांच्या आठ स्थानांत लिहून ठेवतें. म्हणजे एका सेकंदाच्या आवाजाकरितां ६४,००० आंकडे झाले. सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत जमलेलीं १६० मापें घेऊन यंत्र त्यांचें एक लहान पुडकें बांधतें, त्यावर क्रमांक व पोहोंचावयाचें ठिकाण लिहितें आणि तें इंटरनेटवर सोडून देतें. अशीं पन्नास पुडकीं दर सेकंदास निघतात. बहुतेक ठिकाणीं प्रचलित असलेली ही एक पद्धत आहे. आवाज याहून संक्षेपानें लिहिण्याच्या पद्धतीहि आहेत.

हें समजण्यास टपालाचा दृष्टान्त उपयोगी पडेल. समजा, एक लांबलचक पत्र आपण पाकिटांत न घालतां पन्नास पोस्टकार्डांवर तुकड्या-तुकड्यांनीं लिहिलें, प्रत्येकावर क्रमांक घातला आणि तीं सारीं पेटींत टाकलीं. तीं सर्व एकाच थैलींतून जातील असें नाहीं. एखादें आधीं पोहोंचेल, एखादें मागून येईल, एखादें गहाळहि होईल. घेणारानें थोडें थांबून तीं क्रमानें लावावीं व मग वाचावीं. ऐकणाऱ्या बाजूचें यंत्र हेंच करितें. मात्र एक भेद आहे. गहाळ झालेलें कार्ड पुन्हां मागविण्यास येथें सवड नसते, कारण उशिरां आलेला शब्द संभाषणांत निरुपयोगी होय. म्हणून यंत्र तेवढी फट आजूबाजूच्या आवाजावरून बुजवून टाकतें. फटी थोड्या असल्या तर कानास कळत नाहीं. पुष्कळ झाल्या म्हणजे आवाज तुटूं लागतो. तोंडांतून निघालेला शब्द दुसऱ्याच्या कानीं सेकंदाच्या १५० सहस्रांशांच्या आंत पोहोंचला तर संभाषण सहज चालतें. त्याहून फार उशीर लागला तर दोघेहि एकदमच बोलूं लागतात आणि दोघेहि एकदमच थांबतात.

येथें थोडें गणित करणें बोधप्रद होईल. एका पुडक्यांत आवाजाचे १६० बाइट असतात, आणि पत्ता, क्रमांक इत्यादींचे सुमारें ४०; एकूण २००. दर सेकंदास पन्नास पुडकीं, म्हणजे १०,००० बाइट. एका तासाचे ३,६०० सेकंद. तेव्हां तासभराच्या बोलण्यास एका दिशेनें ३ कोटि ६० लक्ष बाइट, म्हणजे ३६ मेगाबाइट लागतात. तासभर चित्रपट पाहण्यास याच्या कितीतरी पट अधिक लागतात. यावरून दिसून येईल कीं, बोलण्यासाठीं इंटरनेट फार वेगवान असण्याची जरुरी नाहीं. तें नियमित असावें लागतें. रस्ता नुसता रुंद असून भागत नाहीं, गाड्या वेळच्या वेळीं आल्या पाहिजेत.

ही कल्पना आजकालची नव्हे. अमेरिकेंत आर्पानेट या नांवाचें जें संगणकांचें जाळें होतें, त्यावर डॅनी कोहेन व त्यांचे सहकारी यांनीं १९७४ सालींच आवाजाचीं पुडकीं पाठवून संभाषण करून दाखविलें. १९९५ सालीं व्होकलटेक या इस्रायली कंपनीनें घरगुती संगणकावरून बोलण्याचें साधन विक्रीस आणलें. आपल्या देशांत सर्वसामान्य लोकांस इंटरनेट मिळूं लागलें तें त्याच वर्षीं, १५ ऑगस्ट रोजीं. इंटरनेटवरून बोलण्यास येथें १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. २००३ सालीं निघालेल्या स्काइपनें परदेशीं राहणाऱ्या लेकरांचे आवाज लक्षावधि घरांत पोहोंचविले. तें स्काइप २०२५ सालच्या मे महिन्यांत बंद झालें. २०१८ सालीं आपल्या सरकारनें नियम अधिक मोकळे केले. आतां फायबरची जोडणी घेतली कीं तिच्या जोडीस टेलिफोन नंबरहि मिळतो. कंपनीनें दिलेल्या पेटीच्या पाठीमागील खांचेंत टेलिफोनची तार खोंवली म्हणजे काम झालें.

येथें एक भेद विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावा. इंटरनेटवरून बोलण्याचे प्रकार दोन आहेत. एका प्रकारांत आपणांस रीतसर नंबर मिळतो व जगांतील कोणत्याहि टेलिफोनशीं बोलतां येतें. दुसऱ्या प्रकारांत, उदाहरणार्थ व्हॉट्सअॅपवर, दोन्ही बाजूंस तेंच अॅप असावें लागतें आणि ११२ सारखा संकटकाळचा नंबर त्यावरून लावतां येत नाहीं. पुष्कळ घरीं असा समज असतो कीं, मोबाइलमध्यें हें अॅप आहे, इंटरनेट आहे, तेव्हां घरच्या टेलिफोनचें काम भागलें. गप्पागोष्टींपुरता हा समज बरोबर आहे; संकटकाळीं तो घातक ठरूं शकतो.

नव्या पद्धतीचे लाभ आम्ही कमी लेखीत नाहीं. आमच्या लहानपणीं परगांवीं बोलावयाचें तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे, आणि एकदां लागला कीं निम्मा वेळ “ऐकूं येतें का?” असें ओरडण्यांतच जाई. आज परदेशीं शिकत असलेला मुलगा रोज सायंकाळीं आईशीं बोलूं शकतो, आणि त्यासाठीं तिला पैशांचा हिशेब करावा लागत नाहीं. कांचेच्या तंतूंतून प्रकाश जात असल्यामुळें तांब्याप्रमाणें तो पावसाच्या पाण्यानें गंजत नाहीं. आवाजहि सुधारला आहे. जुन्या टेलिफोनवर सेकंदास सुमारें ३०० पासून ३,४०० कंपनांपर्यंतचेच स्वर जात, त्यामुळें ‘स’ आणि ‘फ’ यांतील भेद कळत नसे. नव्या पद्धतींपैकीं कांहींत ही मर्यादा ७,००० पर्यंत वाढली आहे. हे लाभ सोडून पुन्हां तांब्याच्या तारेकडे जावें असें कोणीहि म्हणणार नाहीं, आणि आत्याबाईहि म्हणत नाहींत.

परंतु वर सांगितलेल्या तीन देणग्यांचें काय झालें? राखीव मार्ग गेला, त्याची भरपाई वेगवान तारांनीं बव्हंशीं केली. वीज व पत्ता या दोहोंची भरपाई मात्र आपोआप होत नाहीं. कांचेच्या तंतूंतून प्रकाश येतो, टेलिफोन चालविण्यापुरती वीज येत नाहीं. घरांतील पेटीस घरचीच वीज लागते. ती गेली कीं पेटी बंद, आणि पेटी बंद म्हणजे टेलिफोन बंद. त्यांतहि टेलिफोन बिनतारी असेल तर त्याच्या बैठकीस निराळी वीज लागते. कित्येक इमारतींत जिन्याखालीं लावलेल्या लहान यंत्रांतून घरोघर इंटरनेट दिलेलें असतें. त्या यंत्राची वीज गेली तर आपल्या घरीं दिवे लागलेले असूनहि टेलिफोन चालत नाहीं. मोबाइलला रेंज नसलेल्या घरीं वायफायवरून फोन लावण्याची सोय असते खरी. पण वायफाय त्याच पेटींतून येत असल्यामुळें तीहि त्याच क्षणीं नाहींशी होते. आत्याबाईंच्या घरीं नेमकें हेंच झालें.

पत्त्याची गोष्ट याहून गहन आहे. इंटरनेटवरील नंबर हा तारेशीं बांधलेला असतोच असें नाहीं. कांहीं सेवांत तोच नंबर दुसऱ्या गांवीं नेला तरी चालतो. मग मदत मागणारा मनुष्य कोठें आहे हें कळावें कसें? अमेरिकेंत टेक्सस राज्यांतील ह्यूस्टन शहरीं २००५ सालीं घरांत शिरलेल्या चोरट्यांनीं एका दांपत्यावर गोळ्या झाडल्या. त्यांच्या मुलीनें घरच्या टेलिफोनवरून ९११ हा तेथील संकटकाळचा नंबर लावला. परंतु तो लागला नाहीं. तो टेलिफोन इंटरनेटवरचा होता, आणि त्या सेवेंत ९११ ची सोय निराळी सुरू करून घ्यावी लागे. त्याच वर्षीं तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशननें अशा कंपन्यांस हुकूम केला कीं, १२० दिवसांच्या आंत प्रत्येक ग्राहकास ९११ ची सोय दिलीच पाहिजे आणि त्याचा पत्ताहि नोंदवून घेतला पाहिजे.

ब्रिटनचा अनुभवहि असाच बोधप्रद आहे. तेथील जुनें तांब्याचें टेलिफोन-जाळें डिसेंबर २०२५ पर्यंत बंद करावयाचें ठरलें होतें. परंतु एकट्या राहणाऱ्या अनेक वृद्धांच्या गळ्यांत एक बटण असतें. तें दाबलें कीं टेलिफोनच्या तारेवरून मदतीचा निरोप जातो. तार बदलतांना यांतील कांहीं बटणें निकामी झाल्याचे गंभीर प्रसंग घडले. तेव्हां डिसेंबर २०२३ मध्यें कंपन्यांनीं सरकारपाशीं वचन दिलें कीं, अशा दुर्बळ ग्राहकांची खात्री पटल्यावांचून त्यांची तार आपण बदलणार नाहीं. पुढें मुदतहि वाढवून ३१ जानेवारी २०२७ करण्यांत आली. घरच्या टेलिफोनवरच ज्यांची भिस्त आहे, त्यांस वीज गेल्यावर निदान एक तासभर तरी मदतीसाठीं फोन करतां यावा असें साधन कंपनीनें द्यावें, असाहि तेथील ऑफकॉम या नियामक संस्थेचा दंडक आहे.

या गोष्टींचें तात्पर्य आमच्या मतें असें. जुन्या तारेबरोबर एक मूक जबाबदारी एक्स्चेंज वाहत असे. नवी तार आली तेव्हां ती जबाबदारी नाहींशी झाली नाहीं. ती आपल्या घरांत येऊन बसली, आणि ती आली हें आपणांस कोणी सांगितलें नाहीं. म्हणून जो मनुष्य टेलिफोन बदलतो, त्यानें ती जाणून उचलली पाहिजे. काम फार अवघड नाहीं.

पहिलें काम बॅटरीचें. १२ व्होल्ट व ७ अँपिअर-तास अशी लहान बॅटरी बाजारांत मिळते. तिच्यांत १२ गुणिलें ७, म्हणजे ८४ वॅट-तास इतकी वीज मावते. पेटीस १२ वॅट लागत असतील तर हिशेबानें ती सात तास चालावी. प्रत्यक्षांत कांहीं वीज वाटेंत वाया जाते व बॅटरीहि जुनी होत जाते, म्हणून निम्मेच तास धरून चालावें. ज्यांच्या घरीं इन्व्हर्टर आहे त्यांनीं पेटीचा प्लग त्यावरील खांचेंत आहे कीं नाहीं तें पाहावें. पुष्कळ घरीं पंखा व दिवा त्यावर असतो आणि ही बिचारी पेटी मात्र विसरलेली असते. टेलिफोन तारेचाच ठेवावा.

दुसरें काम पत्त्याचें. घराचा पूर्ण पत्ता व जवळची ठळक खूण, मग ती शाळा असो, विहीर असो वा पूल असो, मोठ्या अक्षरांत लिहून टेलिफोनपाशीं लावावी. मदत मागतांना आधीं पत्ता सांगावा, मग हकीकत. कारण बोलणें मध्येंच तुटलें तरी पत्ता पोहोंचलेला असतो. घरांतील लहानांत लहान मुलासहि हा पत्ता पाठ असावा. त्याशेजारींच शेजाऱ्यांचे व डॉक्टरांचे नंबर असावे.

तिसरें काम चौकशीचें. जुना टेलिफोन काढण्यापूर्वीं कंपनीस विचारावें: जुना नंबर कायम राहील काय? या टेलिफोनवरून ११२ लागतो काय? इमारतींतील यंत्रास बॅटरी आहे काय? केवळ परीक्षा म्हणून ११२ कधींहि लावूं नये. आपल्या परीक्षेपायीं खऱ्या संकटांतील मनुष्य खोळंबून राहील.

चौथें काम प्रयोगाचें, आणि तें आम्ही विद्यार्थ्यांकडे सोंपवितों. महिन्यांतून एकदां, वडील मंडळींच्या अनुमतीनें व त्यांच्या समक्ष, घराचें मुख्य बटण बंद करावें आणि टेलिफोन उचलून पाहावा. बोलला तर उत्तम. न बोलला तर तो भर दिवसा, सर्व मंडळी घरांत असतांना मुका झाला हें आपलें भाग्यच समजावें.

आत्याबाईंच्या घरीं आम्ही आतां बॅटरी बसविली आहे, आणि टेलिफोनच्या वर भिंतीस पत्त्याचा कागद लावला आहे. नवरात्रांत एका रात्रीं आमचा टेलिफोन वाजला. आत्याबाई बोलत होत्या. आम्ही घाबरून विचारलें, “आत्या, काय झालें?” त्या म्हणाल्या, “काहीं नाहीं रे. वीज गेली आहे, म्हणून फोन करून पाहिला.”

विद्यार्थ्यांकरितां अभ्यास

१. आपल्या घरांतील इंटरनेटच्या पेटीवर किती व्होल्ट व किती अँपिअर लिहिलें आहे तें पाहून तिला जास्तींत जास्त किती वॅट लागत असतील तें काढा. १२ व्होल्ट व ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर ती किती वेळ चालेल?

२. रोज अर्धा तास बोललें तर तीस दिवसांत दोन्ही दिशा मिळून किती मेगाबाइट लागतील?

३. शेजारीं कोणी वृद्ध मनुष्य एकटें राहत असेल, तर वीज गेल्यावर त्यांचा टेलिफोन चालतो कीं नाहीं याची चौकशी करा. आणि चालत नसेल, तर हा लेख त्यांस वाचून दाखवा.